नापास नग

"च्यायला, परत काळंच. एक दिवस बरं निघालं तर काय बिघडतं ह्यांचं?"

बोधनकर साहेब हे माझ्या डोक्यावर पुटपुटत होते. अगदी डोक्यावरच, कारण मी ओट्याखाली उकिडवी बसून फरशी पुसत होते आणि ते ओट्याला पोट टेकवून वरच्या बाटल्यांकडे बघत होते. मी खाली आहे हे त्यांना दिसत होतं. पण मी ऐकलं काय आणि माझ्या हातातल्या फडक्याने ऐकलं काय, त्यांना सारखंच.

बोधनकर म्हणजे आमच्या शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे उपअभियंता. आणि 'ह्यांचं' म्हणजे बाटल्यांचं. पाण्यावर नव्हे, बाटल्यांवर रागावले होते ते.

ह्याला वीसेक वर्षं झाली. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या यायच्या, टीचभर उंचीच्या. तळाशी औषधाची पूड. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी पिवळसर राहिलं तर पिण्यास योग्य. शाईसारखं काळं झालं तर अयोग्य. का काळं होतं, तर त्या पाण्यात अमुक असतं म्हणून. ते अमुक काय, हे मला त्या खोलीत पाच वर्षं काढूनही कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. केमिस्ट खटावकर सर 'जैविक प्रदूषण' म्हणत. भांडारपाल सोनटक्के 'तसलं' म्हणत. मी आपली 'काळं' म्हणायचे. सगळ्यांना कळायचं आणि कुणाचं तोंड विटाळत नसे.

माझे मालक ह्याच खात्यात चावीवाले होते. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, पण बाईमाणसाच्या हातात चावी कशी द्यायची, म्हणून प्रयोगशाळेत काचा धुवायला बसवलं. मी शिकलेली आठवीपर्यंत. बाकीचं काचा धुता धुता शिकले. सरांच्या जुन्या पुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन, एका पानाला आठवडा लावत. त्यामुळे बाटली का काळी होते हे मला नीट माहीत होतं. इंग्रजीत माहीत होतं. इंग्रजीत त्याला वास नसतो.

त्या रॅकमधल्या काळ्या बाटल्या कासारघाटच्या होत्या. नदीकडच्या उतारावरची जुनी वस्ती. पाण्याची लाइन चाळीस वर्षांची, आणि तिला खेटून तितकीच जुनी संडासाची लाइन. दोघी म्हाताऱ्या, दोघी फुटलेल्या. दिवाळीपासून तिथलं प्रत्येक पाणी काळं होत होतं. सर दर आठवड्याला 'अयोग्य' लिहून वर पाठवत आणि वरून ते 'पाहिले' असं लिहून खाली येई.

कासारघाटला माझ्या बहिणीची लेक दिली होती. वैजयंता, आमची वैजू. बहीण लवकर गेली, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण मीच करायचं ठरलं होतं. तिला सातवा महिना होता.

"पाणी उकळून घेत जा गं," मी तिला माघातच सांगितलं होतं.

"का गं मावशी?"

"असंच. पोटुशीने उकळलेलं प्यावं."

बस, एवढंच बोलले. ऑफिसातलं बाहेर बोलायचं नाही, असं बोधनकर साहेबांनी भिंतीवर लिहून लावलं होतं. आणि तिच्या घरी पाच माणसं आणि सिलिंडर एक. पोटुशीच्या पाण्यासाठी कोण रोज हंडाभर पाणी उकळत बसतं?

एप्रिलात बाटल्या संपत आल्या आणि वर्षाची खरेदी निघाली. चाळीस हजार बाटल्या. तीन कंपन्यांनी आपापले नमुने पाठवले, प्रत्येकी बारा. दहा तपासणीला, दोन वरकड. नियम असा होता की नमुने तपासायचे, भांडारपालाने तक्ता भरायचा, समितीने बघायचं आणि केमिस्टने 'समाधानकारक' म्हणून सही करायची. सरांची सही झाली की कंपनी ठरली.

सर म्हणाले, "ढेकळेबाई, तपासणीला कासारघाटचंच पाणी आणा. जिथे आहे तिथलंच पाणी घातलं, तर बाटली खरी की खोटी ते कळेल."

म्हणून मी उकळून कोरडी केलेली बरणी घेऊन वैजूच्याच घरी गेले. दुपारचे बारा. नळाला शेवटची धार होती. वैजू भिंतीला टेकून बसली होती, पदराने वारा घेत.

"काय गं, आज पाय पसरून?"

"मावशी, तीन दिवस झाले. अन्नाचा वास आला तरी उलटी होते."

तिची सासू गॅसपुढून बोलली, "सातव्यात होतंच असं. त्यात परवा दारावरची भेळ खाल्ली बाईसाहेबांनी. मी म्हटलं होतं."

मी वैजूची पापणी खाली ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीत बुडवून काढावा तसा.

"लघवी कशी होते?"

"काढ्यासारखी," वैजू हळूच म्हणाली आणि सासूकडे बघितलं.

मी उठले. नळाखाली बरणी धरली. पाणी दिसायला पाण्यासारखंच होतं. बुडाशी एक करडा पापुद्रा तरंगत खाली गेला. वास होता थोडा, घाणेरड्या मोरीसारखा. सासू म्हणाली, "सकाळी पहिलं पाणी सोडून द्यायचं. मग एवढा येत नाही." ती हे मला स्वयंपाकातली एखादी युक्ती सांगावी तसं सांगत होती.

बरणी एका हातात आणि वैजू दुसऱ्या हातात, अशी मी रिक्षात बसले. आधी सिव्हिल, मग ऑफिस. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाजूला घेतलं. "कावीळ आहे. गरोदरपणात ही वाईट. सध्या धोका टळेल असं वाटतंय. पण घरचं पाणी आधी बघा. परत तेच पोटात गेलं तर मग आईचं आणि बाळाचं मला काही सांगता येणार नाही."

मी मान हलवली. बरणी माझ्या पिशवीत होती.

तिसऱ्या दिवशी बाटल्या बघायच्या होत्या. तीन रॅक ओट्यावर ओळीने. पहिल्या कंपनीच्या दहापैकी सात काळ्याकुट्ट. दुसरीच्या सहा. तिसरीच्या दहाच्या दहा पिवळ्या, अगदी लिंबाच्या सरबतासारख्या. एकच नळ, एकच बरणी, एकच हात भरणारा, तो माझा. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत तेच दिसलं.

तेवढ्यात सोनटक्के भाऊसाहेब तक्ता घेऊन आले. तीस वर्षं भांडार सांभाळलेला माणूस. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला तर जेवायचे नाहीत, इतके चोख. त्यांच्याकडे सगळ्या खरेदीला एकच छापील तक्ता होता. तपासलेले नग, पास नग, नापास नग, दर.

त्यांनी मोजलं, जीभ ओठांवर फिरवत लिहिलं. पहिली कंपनी, नापास सात. दुसरी, नापास सहा. तिसरी, नापास शून्य.

"वा!" ते म्हणाले. "दरही हिचाच कमी आणि मालही हिचाच चांगला. असं फार क्वचित जुळतं हो."

"सोनटक्के," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काळी झालेली बाटली पास असते."

"काळी झालेली? सर, थट्टा करताय गरिबाची. बल्ब काळा झाला की उडाला. पाइप फुटला की फुटला. वस्तू लावली आणि बिघडली, की नापास. आणि ह्या बघा, दहाच्या दहा शाबूत."

"अहो, ती बिघडत नाही. ती सांगते."

"काय सांगते?"

सर रॅक सरळ करायला लागले. सोनटक्के माझ्याकडे वळले. "काय सांगते हो बाई?"

मी म्हटलं, "तसलं."

"हां, तसलं," ते म्हणाले, पण त्यांना ते पटलं नाही. तसलं असणं ही त्यांच्या मते पाण्याची भानगड होती. बाटलीने त्यात कशाला पडायचं?

बोधनकर साहेब आले. तक्ता बघितला, तिसरा रॅक बघितला. त्यांना सोनटक्केंसारखा भ्रम नव्हता. इंजिनियर माणूस, त्यांना सगळं कळलं. कळलेलं मला दिसलं, कारण त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, बूट काढल्यावर पडतो तसा.

"उत्तम. तक्ता बरोबर भरलाय."

"साहेब, तिसऱ्या कंपनीच्या बाटलीत औषधच काम करत नाहीये," सर म्हणाले.

"किंवा पहिल्या दोघांच्या उगाच जास्त करतायत. तुम्ही ते कशावरून ठरवलं? तक्त्यात आकडे आहेत, खटावकर. शुक्रवारी समिती आहे, सही करा. आणि हो, कासारघाटची लाइन बदलायचा तो प्रस्ताव आहे ना, तो सध्या राहू दे. नव्या बाटल्यांनी आधी दोन-तीन महिने पाणी बघू. ठीकच असेल. लोक बाहेरचं खातात आणि आपल्या नावाने ओरडतात."

दारात थांबून ते माझ्याकडे बघून हसले. "काय ढेकळेबाई, काळ्या बाटल्या घासून घासून हात दुखत असतील ना? आता आराम."

त्यांच्या त्या हसण्याची मला इतकी शिसारी आली की मी नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

ड्रॉवरमधून मी तिसऱ्या कंपनीच्या दोन्ही वरकड बाटल्या काढल्या आणि पहिलीची एक. प्रयोगशाळेच्या मागे उघडं गटार वाहतं. शेजारच्या चाळीचं सगळं त्यात येतं, सगळं म्हणजे सगळं. मी नाकाला पदर लावला, जुनं भांडं बुडवलं आणि तिन्ही बाटल्या भरल्या. कपाटात उबेला ठेवल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या कंपनीची बाटली डांबरासारखी झाली होती. तिसऱ्या कंपनीच्या दोन्ही पिवळ्या. दोन दिवस पुरे होऊ दिले, तरी पिवळ्याच. एका बाटलीत गटारातली अळी आली होती. तारेसारखी बारीक, पांढरी, आणि जिवंत. ती त्या सरबतात खालीवर वळवळत होती. अळीसकट पाणी पिण्यास योग्य.

मी ती बाटली सरांपुढे ठेवली. ते डबा खात होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, बेसिनवर जाऊन हात धुतले, आले, परत जाऊन धुतले. फार सोवळा माणूस. लघवीलासुद्धा 'क्षमा करा, मूत्र' म्हणणारे.

"हे कुठलं?"

"मागच्या गटाराचं."

"ठेवून द्या, ढेकळेबाई. कुणाला दाखवू नका."

"सर!"

"मी एकदा बोललो होतो. तुम्ही यायच्या आधी. आठ वर्षं बढती नाही, दोनदा चौकशी. जुलैत मी निवृत्त होतोय. मला शांतपणे जायचंय."

"माझी भाची सिव्हिलमध्ये आहे, सर. सातवा महिना. शनिवारी सोडणार आहेत. ती परत त्याच नळावर जाणार."

"पाणी उकळून प्यायला सांगा तिला."

"तेच सांगितलं होतं."

अळी वर आली, झाकणाला लागली, खाली गेली.

गुरुवारी संध्याकाळी मी वैजूकडे गेले. पेज नेली होती. चार चमचे घेतले तिने. मग उशीवर मान कलती करून विचारलं, "मावशी, हे पाण्यानं झालं का गं? बाजूच्या खाटेवरची पण कासारघाटचीच आहे. आणि तिच्या पलीकडची पण. तू तर पाण्याच्याच हापिसात आहेस."

आणि मी काय म्हटलं? शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलेली मी, दोन दिवसांपूर्वी गटारात भांडं बुडवून आलेली मी?

"भेळ खाल्लीस ना तू दारावरची," मी म्हटलं. "त्यानं झालं असेल."

"सगळ्यांनीच खाल्ली असेल का भेळ?" ती म्हणाली. तिने ते टोमण्याने नाही विचारलं. तिला खरंच मोजायचं होतं.

मी पेजेचा डबा धुवायला बाहेर गेले. धुतलेलाच डबा पुन्हा पुन्हा धुतला.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसली. लांब टेबल, वर पंखा, प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली. पाणीपुरवठा खात्याच्या बैठकीत पाणी नेहमी बाहेरून विकत यायचं. बोधनकर साहेब, खटावकर सर, तक्ता घेऊन सोनटक्के, आणि टेबलाच्या टोकाला नव्या लेखाधिकारी मुजावर मॅडम. शिक्षण खात्यातून आठवड्यापूर्वीच आल्या होत्या. बारीक अंगाच्या, वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात. कागद खरंच वाचणाऱ्या निघाल्या, ह्याचा बोधनकर साहेबांना आधीच त्रास व्हायला लागला होता.

तपासलेले नमुने ट्रेमध्ये मांडून आणायचं काम माझं होतं. मी तीस बाटल्या मांडल्या. आणि त्यांच्या शेवटी माझ्या तीन ठेवल्या.

"हा तक्ता," सोनटक्के उठून म्हणाले. "तिसरी कंपनी, नापास शून्य, दर सर्वांत कमी. शिफारस तिचीच."

"सोपं आहे," बोधनकर साहेब म्हणाले. "खटावकर, सही."

सरांनी पेनचं टोपण काढलं. मॅडमनी चष्मा लावला आणि ट्रे जवळ ओढला. एक एक बाटली उजेडात धरून बघत गेल्या. शेवटच्या बाटलीशी थांबल्या.

"ह्यात काहीतरी हलतंय."

त्यांनी बाटली माझ्याकडे वळवली.

"बाई, हे काय आहे?"

"अळी आहे, मॅडम."

"पाण्यात?"

"मागच्या गटाराचं पाणी आहे ते. ही पहिल्या कंपनीची, काळी झाली. ह्या दोन तिसऱ्या कंपनीच्या. तक्त्याच्या हिशेबाने ह्या पास."

बोधनकर साहेबांचा हात टेबलावर आपटला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे? निविदेच्या अटीत गटार आहे का? नमुन्याच्या बाटल्या परस्पर वापरता? खटावकर, तुमच्या खोलीत चाललंय काय?"

सर ट्रेकडे बघत होते. सोनटक्के उभेच होते. ते एकदा तक्त्याकडे, एकदा काळ्या बाटलीकडे बघत होते.

"म्हणजे सर," ते म्हणाले, "त्या सात काळ्या झाल्या, त्या बरोबर होत्या? जी काळी होत नाही ती वाईट?"

"सोनटक्के, बसा," बोधनकर साहेब म्हणाले.

"म्हणजे मी सगळं उलटं भरलं. साहेब, तुम्ही बघितलं होतं की. तुम्ही बरोबर म्हणालात."

"बसा म्हटलं ना!"

ते बसले. तीस वर्षांत एक स्क्रू न हरवलेला तो माणूस तक्त्यावर दोन्ही हात पालथे ठेवून बसला, जणू कुणी तो वाचू नये.

"एक मिनिट," मुजावर मॅडम म्हणाल्या. "गटाराचं राहू द्या. कासारघाटच्या नळाच्या पाण्याने सात बाटल्या काळ्या झाल्या. बरोबर? मग काळी झाली म्हणजे नेमकं काय? त्या नळाच्या पाण्यात आहे काय?"

"तांत्रिक आहे ते, मॅडम. सूचक जीवाणू."

"कशाचे सूचक?"

"जैविक घटकांचे. जुन्या वस्त्यांत थोडंफार असतंच."

"कसले घटक?"

"आता ते... सेंद्रिय."

"बोधनकर, मला ह्या कागदावर सही करायची आहे. मला कळेल असं सांगा."

बोधनकर साहेबांनी सीलबंद बाटली उघडली आणि दोन घोट पाणी प्यायले. पंखा फिरत होता. मॅडमनी एकेकाकडे बघितलं. सोनटक्केंकडे, त्यांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे. शब्द माझ्या जिभेवर आला होता. सगळ्यांच्या घरात रोज म्हणतात तो. शनिवारी सोडणार होते वैजूला. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी ट्रेची कड घट्ट धरून उभी राहिले आणि नाही उघडलं. हे मी आज लिहितेय तेव्हाही मला तितकंच लागतं.

खटावकर सरांनी पेनला टोपण लावलं. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले. मऊ आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी दाराबाहेरच्या शिपायालाही ऐकू गेलं.

"गू, मॅडम. कासारघाटच्या नळाला गू येतो. दिवाळीपासून तिथली माणसं तो पितायत, आणि ह्या खोलीत तुम्ही सोडून ते सगळ्यांना माहीत आहे."